हार्ड डिस्क ओढून काढू नका भावांनो

लग्नाचं शूटिंग कॉपी झालं की बरेच जण वायर सरळ उपसतात, आणि मग डिस्क ओपनच होईना म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीत डेटा रिकव्हरीवाला शोधत फिरतात. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून क्विक रिमूव्हल, म्हणजे इजेक्ट न करता डिस्क काढता येणारी सेटिंग, डिफॉल्ट असतंय हे खरं, पण तरी कॉपी मागं चालू असू शकते, त्यामुळं खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवरून इजेक्ट करा, 'आता काढू शकता' असा मेसेज आला की मगच वायर काढा. 'डिव्हाइस इन यूज' म्हणत असेल तर डिस्कवरची फाइल, फोल्डर, एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळं बंद करा, तरी ऐकेना तर पीसी शटडाऊन करून काढा, जबरदस्ती नको. फिरणारी डिस्क असेल तर काढल्यावर थोडं थांबा, आतली प्लेट थांबू दे, लगेच बॅगेत कोंबू नका.

आता बॅकअप. विंडोजमधलं फाइल हिस्टरी फुकट आहे, फाइलची जुनी व्हर्जन पण ठेवतंय, घरच्या वापराला बास. मॅकवाल्यांनी त्यातलंच बॅकअपचं टाइम मशीन लावायचं, विषय संपला. दोन फोल्डर सारखे ठेवणारं फ्रीफाइलसिंक सॉफ्टवेअर पण मस्त, पण त्यातला मिरर मोड जपून वापरा बरं का, इकडं चुकून डिलीट झालेलं तिकडूनबी उडतंय, त्यातलं व्हर्जनिंग (उडालेल्या फाइलची जुनी कॉपी वेगळी ठेवणं) चालू ठेवा.

आणि मूळ अन् बॅकअपची, दोन्ही डिस्क एकाच कपाटात नको लगा, २०१९ अन् २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याकडं ठेवलेली एक कॉपीच कामाला आली असती. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल रिस्टोअर करून उघडून बघा.