स्वीट पीच्या कळ्या गळायच्या, त्यावर केलेला इलाज
स्वीट पी म्हणजे सुवासिक फुलांचा वेल. त्याच्या कळ्या पिवळ्या पडून देठापासून गळत होत्या. कीड दिसेना. बोट दोन पेरं मातीत खुपसलं तर खाली चिखल! त्यात नत्रयुक्त खत जास्त, म्हणून वेल नुसता पानांनी माजलेला. रोजचं पाणी बंद केलं. वरची २-३ सेंमी माती सुकली की एकदाच भरपूर. नत्र थांबवून पंधरवड्याने पोटॅशचं खत, मुळाशी ५ सेंमी पालापाचोळा. नव्या कळ्या टिकल्या. कोवळी शेंग दिसताच खुडायची, बी धरलं की वेल फुलं आवरतो. (शेंगा मटारासारख्या दिसतात, पण विषारी.) हिवाळा सौम्य असेल तिथे शरदातच पेरावं, पारा तिशीपलीकडे टिकला की कुठलंच खत कामाला येत नाही.