कव्हर लेटर म्हणजे रजेचा अर्ज नव्हे : या चुका टाळा

'महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक कळवू इच्छितो की...'

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याच्या ऑफिसात मी काम करतो. भरती निघाली की अर्ज आधी माझ्या टेबलावर येतात आणि बायोडाटासोबत जोडलेली बरीचशी पत्रं, म्हणजे कव्हर लेटर, अशीच सुरू होतात. इंग्रजीत लिहिणारे 'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट' लिहितात. भाषा बदलली तरी साचा तोच, दहावीच्या पत्रलेखनातला. त्या साच्यात आपण मागणारे आणि समोरचा देणारा. ताप आला, रजा द्या. फी भरायची आहे, मुदत द्या. मग नोकरीच्या पत्रातही 'घरची परिस्थिती बेताची आहे, एक संधी द्यावी' येतं. वाचून वाईट वाटतं, खोटं नाही. पण माझ्या टेबलावर प्रश्न वेगळाच असतो : अकाउंट्सचा माणूस सोडून गेलाय, बिलं साचली आहेत, हा मुलगा ती काढेल का? त्याचं उत्तर पहिल्या चार ओळींत हवं.

दुसरी चूक विशेषणांची. एका पत्रात होतं : 'मी मेहनती, प्रामाणिक आणि टीममध्ये काम करणारा आहे. मला टॅली येते.' आळशी आहे असं कोण लिहिणार? हेच असं लिहून पाहा :

'इतवारीतल्या एका ठोक कापड व्यापाऱ्याकडे मी दोन वर्षं टॅलीवर खरेदी-विक्रीच्या नोंदी करतोय. महिन्याला चारशेच्या आसपास बिलं असतात. जीएसटीच्या विवरणपत्रांची, म्हणजे जीएसटीआर-1 ची 11 तारीख आणि 3बी ची 20 तारीख चुकू नये म्हणून 5 तारखेच्या आत बिलं जुळवून सीएंच्या ऑफिसला देणं माझ्याकडे आहे.'

यात मेहनती हा शब्द कुठेही नाही, आणि गरजही नाही. बायोडाटात फक्त 'अकाउंट्स असिस्टंट, 2 वर्षे' एवढंच असतं. पत्रानं त्या ओळीच्या आत काय आहे ते सांगायचं. अख्खा बायोडाटा वाक्यांत उतरवून काढला तर तेच दोनदा वाचावं लागतं.

'मी तर फ्रेशर आहे, काय लिहू?' हा प्रश्न नेहमी येतो. एका मुलीनं लिहिलं होतं की मोहल्ल्याच्या गणेश मंडळाची पावतीपुस्तकं दोन वर्षं तिच्याकडे होती आणि विसर्जनानंतर आठवडाभरात ती हिशेब फळ्यावर लावायची. वर्गणीचा हिशेब वेळेत जुळवणं काय असतं ते मंडळवाल्यांना विचारा! तिला आम्ही लगेच बोलावलं.

आता जुनं पत्र कॉपी करण्याबद्दल. बी.कॉम. झाल्यावर मी बुटीबोरीच्या एका कंपनीला पत्र पाठवलं आणि शेवटच्या परिच्छेदात दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलं. तिथल्या मॅडमचा फोन आला, 'तुम्हाला नक्की कुठं यायचंय?' फोन तेवढ्यावरच संपला. तेव्हापासून मी पहिला आणि शेवटचा परिच्छेद दर वेळी नव्यानं लिहितो, मधला फक्त दुरुस्त करतो. फाइलचं नावही बघा, तिथंही मागची कंपनी लपून बसते. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल परत घेण्याची मुदत 5 सेकंदांवरून 30 करता येते. आजच करून ठेवा.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली पत्रंही ओळखू येतात. 'आपल्या संस्थेच्या ध्येयधोरणांशी माझी मूल्ये जुळतात.' आम्ही नटबोल्ट बनवतो, भाऊ. व्याकरण तपासायला खुशाल वापरा, पण तुमची बिलं, तुमची मशीन, तुमची शिफ्ट त्याला ठाऊक नसते. ती तुम्हालाच घालावी लागेल.

नागपुरात एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे अंतर. बुटीबोरी शहरापासून वर्धा रोडनं तीसेक किलोमीटर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की हा माणूस येत राहील का, अशी धास्ती तिथल्या कंपन्यांना असते. 'सध्याही रोज दुचाकीनं बुटीबोरीलाच जातो' किंवा 'हिंगणा रोडला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोनं येईन, सकाळची शिफ्ट चालेल' एवढी एक ओळ पुरते. पुण्याहून परत येत असाल तर का येताय तेही लिहा. नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा पुण्याची बस धरणार, असंच वाचणारा धरून चालतो.

पत्र चांगलं आहे, तरी फोन येत नाही? मग ते समोर नीट उघडतंय का ते बघा. कृतिदेवमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण आत अक्षरं इंग्रजीचीच असतात, मराठी रूप फॉन्ट देतो. युनिकोडमध्ये लिहा, पीडीएफ करा, आणि मित्राच्या मोबाइलवर उघडून पाहा. मेलही कोरा पाठवू नका. विषयात पद आणि आपलं नाव, खाली तीन-चार ओळी, शेवटी मोबाइल नंबर. पत्र एका पानाच्या आत. 'डिअर सर' लिहिण्याआधी जाहिरातीत मॅडमचं नाव तर नाही ना, ते पाहा. पगाराची अपेक्षा विचारली असेल तरच लिहा.

सरकारी भरतीत ऑनलाइन फॉर्म आणि कागदपत्रं बघतात, तिथं या पत्रावर रात्र घालवू नका. खासगीत मात्र आठ-दहा दिवस वाट पाहून त्याच मेलवर दोन ओळींची आठवण करा. आमच्याकडे गेल्या वेळी एक जण असाच लागला. त्याचा पहिला मेल स्पॅममध्ये पडला होता.