आधी मजकूर, मग वाक्यं, ऱ्हस्व-दीर्घ शेवटी

बहुतेकांचं लिहिणं पहिल्याच ओळीत अडतं, कारण वेलांटी पहिली की दुसरी याची काळजी तिथंच सुरू होते. ती काळजी शेवटी करायची. लिहिणं, वाक्यं सुधारणं आणि शुद्धलेखन ही तीन वेगळी कामं आहेत. ती तीन बैठकांत करा.

विषय लहान घ्या. ‘पाऊस’ शाळेतच लिहून झाला. ‘गल्लीत पाणी शिरलं ती संध्याकाळ’ घेतलीत, तर पाणी किती चढलं, कोणाच्या घरात शिरलं, आधी काय उचललं, असं सांगण्यासारखं काही हाती असतं.

मग कच्चा खर्डा. वीस-पंचवीस मिनिटं सलग लिहा, मागे जाऊन खोडू नका. घरी बोलता तसंच उतरू द्या. वऱ्हाडी किंवा मालवणी शब्द आला तर राहू द्या. टायपिंग जड जात असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोला. विरामचिन्हं मागाहून घालता येतात.

एक-दोन दिवसांनी खर्डा वाचा. पहिला परिच्छेद बहुधा काढावाच लागतो. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी सुरुवात असेल तर फार विचारही करू नका.

खरी मेहनत वाक्यांवर. बातम्या, परिपत्रकं आणि घाईची भाषांतरं वाचून आपल्या हाताला सरकारी मराठीची सवय लागली आहे. ‘माध्यमातून’, ‘निर्माण झाली’, ‘करण्यात आले’ दिसलं की खाली रेघ मारा. ‘आजोबांच्या माध्यमातून माझ्यात शेतीविषयी आवड निर्माण झाली.’ यात आजोबा दिसतात का? ‘सुट्टीत आजोबांबरोबर पिकाला पाणी द्यायला जायचो, तिथंच शेतीची गोडी लागली.’ आता दिसतात. ‘शाळेत वृक्षारोपण करण्यात आले.’ कोणी केलं? ‘सातवीच्या मुलांनी शाळेमागे कडुनिंबाची रोपं लावली.’ (रोपं कसली होती ते आठवत नसेल तर कोणाला तरी फोन करून विचारा. ‘नयनरम्य’ लिहून वेळ मारून नेऊ नका.) करणारा ठाऊकच नसेल, तर मात्र ‘रात्री दुकान फोडण्यात आलं’ हे वाक्य चालेल.

आता शुद्धलेखन. आज चालणारे नियम मराठी साहित्य महामंडळाचे. शासनाने ते १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. सगळे पाठ करायची गरज नाही. सर्वाधिक चुका सामान्यरूपात, म्हणजे ‘ला’, ‘वर’, ‘त’ असं काही जोडताना शब्दाचं जे रूप होतं त्यात होतात, तेवढं आधी पक्कं करा: फूल पण फुलाला, वीट पण विटेवर, गरीब पण गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत, म्हणून शरीर आणि शरीरात. कवी एकटा असताना दीर्घ, कविसंमेलनात ऱ्हस्व. ‘असं’ लिहायचं की ‘असे’, ते ठरवून लेखभर एकच ठेवा.

शेवटी मोठ्याने वाचा. दम लागेल तिथं वाक्य तोडा. मग एखाद्या मित्राला वाचायला द्या. ‘कसा वाटला?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘कंटाळा कुठे आला?’ असं विचारा आणि त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करायला सांगा.