आंतरधर्मीय ज्यू विवाहाचे विधी कोण करील?

ठाण्यात टेंभी नाक्याजवळचे ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गद्वार’, हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, १८७९ सालचे आहे. बेने इस्राएल या महाराष्ट्रातील ज्यू समाजातील मुलगा किंवा मुलगी आणि हिंदू, बौद्ध अथवा ख्रिस्ती जोडीदार यांचे लग्न ठरले, की घरातील मंडळींचा पहिला विचार बहुधा तेथील हज्जानांकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या धर्मसेवकांकडे, जाण्याचा असतो. माझ्या मते ही वाट उलट्या टोकाने सुरू होते. कायद्याने लग्न कोण लावणार हे आधी पक्के करावे आणि आशीर्वाद कोण देणार हे त्यानंतर ठरवावे, कारण ही दोन कामे एकच व्यक्ती करील अशी शक्यता आपल्याकडे जवळजवळ नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. हिंदू विवाह कायदा ज्यू व्यक्तीला लागू होत नाही, त्यामुळे भटजींनी सप्तपदी केली तरी अशा जोडप्याचा विवाह त्या कायद्याखाली वैध ठरत नाही. जोडीदार हिंदू किंवा बौद्ध असेल तर मार्ग उरतो तो विशेष विवाह कायदा, १९५४ चा. वधूवरांपैकी एकाचे नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य असावे लागते, नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते आणि नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न झाले नाही तर ती रद्द होऊन सगळे पुन्हा करावे लागते. हरकत घेण्याची कारणे कायद्यातच ठरलेली आहेत. आईवडिलांची किंवा मामांची नाराजी त्यांत बसत नाही. नवी मुंबईकरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर आणि कामोठे रायगडमध्ये, त्यामुळे नोटीस कोणत्या जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची ते पत्त्यावरून आधीच तपासावे. लग्नाच्या वेळी विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार लागतात. एकत्र कुटुंबाची मालमत्ता असलेल्या हिंदू घराने वकिलाचा सल्लाही घ्यावा, कारण या कायद्याखाली अहिंदू व्यक्तीशी विवाह केल्यास हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते.

आता धार्मिक विधींकडे वळू. भारतात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, विरळाच, त्यामुळे बेने इस्राएलांचे लग्न परंपरेने हज्जान लावतात. हुप्प्याखाली, म्हणजे लग्नाच्या छताखाली, अंगठी घालून होणारे किद्दुशिन, म्हणजे ज्यू विवाहबंधन, हे धर्मशास्त्रानुसार दोन ज्यू व्यक्तींमध्येच होऊ शकते, केतुबा हा विवाहकरारही त्याच नात्याचा दस्त असतो, आणि म्हणून परंपरानिष्ठ हज्जान आंतरधर्मीय लग्नाला नकार देतात. हा नकार आपल्या जोडीदाराच्या घराण्याचा अपमान आहे असे समजू नये आणि ‘दक्षिणा वाढवून देतो’ असे तर कदापि सुचवू नये.

मुंबईत भायखळ्याचे ‘रोदेफ शालोम’ हे उदारमतवादी सिनेगॉग आहे. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ साली सुरू झालेल्या ज्यूइश रिलिजियस युनियनचे ते सिनेगॉग. तेथे अवश्य विचारावे, पण होकार गृहीत धरू नये. परदेशातील रिफॉर्म या उदारमतवादी ज्यू पंथातही हा निर्णय प्रत्येक रब्बीच्या विवेकावर सोडलेला असतो: एकजण लग्न लावतो, दुसरा नागरी विवाहानंतर केवळ आशीर्वाद देतो, तिसरा दुसऱ्या धर्माच्या पुरोहितासोबत उभे राहण्यास तयार नसतो. त्यामुळे परदेशातून रब्बी बोलावायचे असतील तर भटजी किंवा भन्तेजी त्याच मांडवात असतील का, मुलांना कोणत्या धर्मात वाढवणार असे ते विचारतील का आणि प्रवासखर्च कोणाकडे, हे सारे लेखी ठरवून घ्यावे.

धर्मांतराचा तोडगा कोणी ना कोणी सुचवतोच. गियूर, म्हणजे ज्यू धर्मात येणे, याचा अर्थ दीर्घ अभ्यास, तीन जणांच्या बेथ दीनसमोर (धर्मन्यायमंडळासमोर) परीक्षा, मिक्व्याचे (विधिकुंडातील) स्नान आणि पुरुषासाठी सुंता. काही आठवड्यांत पैसे घेऊन दाखला देऊ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. केवळ हॉलची तारीख गाठण्यासाठी घेतलेला धर्म सिनेगॉगमध्येही मान मिळवत नाही.

हज्जानांना भेटताना ‘आमचे लग्न लावाल का?’ असे विचारले, तर ‘नाही’ म्हणणे त्यांना सोपे जाते. ‘नोंदणी झाल्यावर आमच्यासाठी काय करता येईल?’ असे विचारावे. आई ज्यू असेल तर मूल ज्यू मानले जाते, म्हणून वधू ज्यू असल्यास बोलण्याचा सूर थोडा वेगळा असण्याची शक्यता आहे. माझा स्वतःचा कल मलिदा या बेने इस्राएलांच्या घरगुती विधीकडे आहे. एलियाहू हानाबी (प्रेषित एलिया) यांच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे मांडून म्हटलेली ही आभारप्रार्थना विवाहविधी नाही, त्यामुळे किद्दुशिनची अडचण तेथे येत नाही. घरातील जाणत्या काकांनाही ती म्हणता येते आणि समोर बसलेल्या हिंदू व्याह्यांना पोहे-गुळाचा प्रसाद समजावून सांगावा लागत नाही. मेंदीचा कार्यक्रमही दोन्ही घरांना परिचित असतो.

तारखेचा घोळ मात्र येथे ठरलेला. हिंदू घरी लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत असते आणि पेसाह या वसंतातील ज्यू सणानंतरचा ओमेरचा, म्हणजे ४९ दिवस मोजण्याचा, काळ नेमका तेव्हाच येतो; त्यातील ३३ वा दिवस सोडला तर बहुतेक दिवस अनेक घरी लग्नासाठी वर्ज्य मानतात. ज्यू पंचांगातील १७ तम्मूझ ते ९ आव हे शोकाचे तीन आठवडे साधारण आषाढाच्या आसपास पडतात, तेव्हा हिंदू पंचांगातही मुहूर्त नसतात, म्हणून त्यांवरून वाद होत नाही. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतिदिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्र पडल्यावर संपतो, म्हणून मे महिन्यात शनिवार संध्याकाळचा हॉल घेतला असेल तर हज्जान पावणेआठच्या आधी येणार नाहीत, हे केटररला सांगून ठेवावे.