वंदे भारतच्या खिडकीत बसताय? या चुका टाळा

हुबळी–पुणे वंदे भारत सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून बेळगावहून पुण्याला जायचं तर मी तीच गाडी धरतो. सकाळी सातच्या सुमारास बेळगाव आणि दुपारी पुणे. दर खेपेला एकच गोष्ट बघतो. माणसं चढतात, बॅगा वर टाकतात, मोबाईल काढतात आणि मिरज आलं की विचारतात, "कृष्णा कधी गेली हो?" एवढे पैसे मोजून, एवढ्या मोठ्या काचेशेजारी बसून नदी चुकते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "येईल तेव्हा बघू" म्हणणं. पॅसेंजरमध्ये ते चालायचं. गाडी स्टेशनागणिक थांबायची, कुणीतरी "पूल आला" म्हणून ओरडायचं. इथे सुळेभावी, पाच्छापूर, रायबाग ही नावं पाटीवर वाचेपर्यंत मागे पडतात. ताशी 100 चा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. पाव किलोमीटरचा पूल असेल तर तो नऊ सेकंदांत संपला.

खानापूरची माझी मावशी सत्तरी ओलांडलेली. कृष्णेवरून जाताना नाणं वाहायचं, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. या गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत हे मी तिला घरीच सांगायला हवं होतं, ते सांगितलं बेळगावच्या प्लॅटफॉर्मवर. "मग नुसती बघते की, हात जोडते," म्हणाली आणि रुपया मुठीत धरून बसली. रायबाग गेलं आणि समोर नाश्ता आला. डब्याचं झाकण निघेना, चमचा खाली पडला, तो उचलायला ती वाकली. मी पाण्याची बाटली उघडत होतो. गाडीचा डबा इतका बंदिस्त की पुलाची धडधडसुद्धा नीट ऐकू आली नाही. तिने मान वर केली तेव्हा बाहेर ऊस होता. "आली कधी नि गेली कधी रे?" एवढंच म्हणाली आणि मिरजेपर्यंत गप्प बसली. तो रुपया तिने पदराच्या गाठीत बांधून ठेवला. पुढे महिन्याभराने मी तिला नरसोबाच्या वाडीला नेलं, तेव्हा घाटावर उतरून तिने तो स्वतःच्या हाताने सोडला.

तेव्हापासून मी निघायच्या आदल्या रात्री एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर स्टेशनांची नावं क्रमाने लिहितो: घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, चिंचली, कुडची, उगार खुर्द, शेडबाळ, मिरज. गाडीत एकेकावर खूण करत जातो. मायाक्का देवीची चिंचली आली की खाणंपिणं बाजूला, टेबल मिटवून वर. कुडची गेली की डोळे काचेला. त्यानंतर कृष्णा, आणि पलीकडे उगार. मोबाईलवर नकाशा लावूनही हे जमतं, पण नकाशा लावलेला माणूस नकाशाच बघत बसतो असा माझा अनुभव आहे. मला पाकीटच बरं वाटतं.

दुसरी चूक बाजूची. पुण्याकडे जाताना डावीकडे बसा. गाडी मोठ्या मानाने उत्तरेला जाते, सकाळचं ऊन उजव्या काचेवर येतं आणि त्या बाजूचे लोक पडदे ओढून घेतात. डावीकडे सावली असते, आणि साताऱ्याकडे सरकताना पश्चिमेचे डोंगरही त्याच अंगाला. ऊन आपल्या पाठीमागून पडत असल्यामुळे डोंगराच्या घड्या स्पष्ट दिसतात. आणखी एक. आपल्याकडे गाड्या डाव्या रुळाने धावतात, त्यामुळे दुहेरी मार्गावर समोरून येणारी मालगाडी उजव्या खिडकीला आडवी येते, डाव्या खिडकीला नाही.

खिडकीचं तिकीट मिळालं म्हणजे काच मिळाली असंही समजू नका. दोन काचांमधला खांब नेमका आपल्या नाकासमोर येऊ शकतो. कुणी पडदा ओढून झोपायच्या तयारीत असेल तर त्याला नम्रपणे जागा बदलून मागा. बहुतेक लोक देतात.

तिसरी चूक ऐकली की मला राहवत नाही: "वंदे भारतमधून दूधसागर दिसतो ना?" नाही दिसत. लोंढ्याला मार्ग फुटतो. दूधसागर कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणाऱ्या घाटात आहे आणि ही गाडी लोंढ्याहून अळणावर, धारवाडकडे जाते. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाने दूधसागरासाठी म्हणून या गाडीची तिकिटं काढली होती. त्यांच्या दोन पोरी पावसाळी टोप्या घालून काचेला नाक लावून बसल्या होत्या. आईबापांना मी खरं सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघवले नाहीत. तिकीट काढण्याआधी मार्ग बघायला पाच मिनिटं लागतात. तेवढीही न देणाऱ्यांचा मला राग येतो, कारण हिरमोड लेकरांचा होतो. गोकाकचा 52 मीटरचा धबधबासुद्धा गाडीतून दिसत नाही, त्यासाठी उतरून रस्त्यानेच जावं लागतं.

जवळचं बघू नका. रुळालगतचे खांब, झुडपं यांच्यामागे डोळे सारखे झटके घेत पळतात आणि डोकं दुखायला लागतं. नजर लांबच्या झाडावर, देवळाच्या शिखरावर ठेवा, ते बराच वेळ सोबत चालतं.

फोटो काढायचाच तर मोबाईल काचेला टेकवून काढा, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. आणि घाई करू नका. साताऱ्यापुढच्या आदर्कीच्या घाटात वळणांवर वेग कमी होतो, तिथे काढा.

पुण्याहून दुपारच्या गाडीने परतणाऱ्यांनी थंडीत मिरजेच्या पुढे काही दिसेल ही आशा ठेवू नये. तोवर अंधार पडलेला असतो.

खानापूर–लोंढ्याच्या रानाचंही तेच. हुबळीहून ही गाडी पहाटे निघते. वैशाखात त्या रानात उजाडलेलं असतं, पौषात मात्र काचेत आपलंच तोंड दिसतं. ते रान बघायचं असेल तर वेगाचा हट्ट सोडा आणि दिवसाची साधी गाडी पकडा. खिडकी वर सरकवा, मलप्रभेवरून जाताना गार वारा तोंडावर घ्या. गुंजीच्या पुढे झाडी रुळांपर्यंत येते, आणि पाऊस नुकताच होऊन गेला असेल तर कुजक्या पानांचा ओला वास डब्यात भरतो.