जेलीफिशची नवी प्रजाती शरीररचनेवरून कशी ठरवावी

जाती आणि प्रजाती या शब्दांची मराठीत नेहमी सरमिसळ होते. येथे प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी, जिच्यात एक किंवा अनेक जाती असू शकतात. म्हणूनच नव्या प्रजातीचा दावा रंग किंवा आकारमानावर नव्हे, तर शरीराच्या मूळ आखणीतील फरकावरच उभा राहिला पाहिजे.

नमुना जिवंत असतानाच छायाचित्रे व मोजमापे घ्यावीत, कारण सुमारे ९५ टक्के पाणी असलेले हे शरीर जतन करताना आक्रसते आणि त्याचा रंगही उडतो. डीएनएसाठी छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये आणि उरलेला नमुना समुद्राच्या पाण्यात मिसळलेल्या फॉर्मालिनमध्ये ठेवावा.

आधी वर्ग पाहावा. छत्रीच्या, म्हणजे जेलीफिशच्या घुमटासारख्या मुख्य शरीराच्या, कडेला आतून पातळ पडदा असून रोपॅलिया ही संवेदी इंद्रिये नसतील, तर नमुना बहुधा हायड्रोझोआचा असतो. पडदा नसून कडेच्या पाळ्यांमधील खाचांत रोपॅलिया असतील, तर सायफोझोआचा. सायफोझोआत छत्रीवर गोलाकार खोल खाच दिसल्यास कोरोनाटी, कडेला स्पर्शिका नसून जुळलेल्या मुखबाहूंवर असंख्य सूक्ष्म मुखे असल्यास रायझोस्टोमी, तर मध्यभागी एकच मुख व झिरमिळ्यांचे मुखबाहू असल्यास सेमिओस्टोमी हा गण समजावा.

खरी कसोटी यानंतर लागते. नमुना काळ्या तळाच्या भांड्यात पाण्याखालीच ठेवावा, बाजूने प्रकाश टाकावा आणि बारीक पिपेटने जठरात पातळ रंग सोडावा. आतापर्यंत काचेसारख्या अदृश्य असलेल्या अरीय नलिका (जठरापासून कडेकडे जाणाऱ्या नळ्या) हळूहळू उमटू लागतात, आणि त्या सरळ कडेपर्यंत जातात, फाटे फोडतात की जाळे विणतात, हे स्पष्ट दिसते. सोबत जननग्रंथींची जागा, स्पर्शिकांचा उगम व दंशकोशिकांचे प्रकार नोंदवावेत.

आकड्यांवर मात्र फार विसंबू नये. ऑरेलिया या जेलीफिशच्या प्रजातीत वाढीबरोबर नलिकांचे फाटे वाढत जातात, त्यामुळे लहान व मोठा नमुना दोन वेगळे प्राणी वाटू शकतात. २००३ मध्ये वर्णिलेल्या टिब्युरोनिया या खोल समुद्रातील प्रजातीत तर मुखबाहूंची संख्याच ४ ते ७ अशी बदलती आढळली. स्पर्शिकांचा पूर्ण अभाव हे तिचे ठळक लक्षण ठरले. शक्य तितके, वेगवेगळ्या वयांचे नमुने तपासणे त्यासाठीच आवश्यक आहे.

शेवटी नमुना ज्या कुलात (गण व प्रजाती यांच्या मधल्या गटात) मोडतो, त्यातील सर्व ज्ञात प्रजातींची लक्षणे मूळ वर्णनांवरून एका तक्त्यात मांडावीत आणि नमुना त्यांपैकी कोणत्याही प्रजातीत बसत नसेल, तरच नवे नाव सुचवावे. नाव प्रसिद्ध करताना वेगळेपण शब्दांत सांगणारे निदान द्यावे, प्रजातीची आदर्श जाती (जिच्याशी प्रजातीचे नाव कायमचे जोडले जाते ती जाती) स्पष्टपणे नेमावी आणि ती जातीही नवीच असेल, तर तिचा आदर्श नमुना (ज्याच्याशी जातीचे नाव जोडले जाते तो नमुना) संग्रहालयात जमा करून तो कोठे ठेवला आहे हे लेखात नोंदवावे.