खडबडीत वाटेवर लाइट जागची हलू नये म्हणून: हँडलबारचं माउंट कसं निवडायचं आणि कसं बसवायचं

सायकलची लाइट घेताना आपण लुमेन किती, बॅटरी किती तास चालते, पावसात चालेल का हे सगळं विचारतो, पण ती हँडलला कशाने धरलेली असणार आहे, म्हणजे तिचं माउंट कसं आहे, हे डबा उघडल्यावरच कळतं. डांबरी रस्त्यावर काहीही चालून जातं हो, पण पहाटे अंधारात पुण्यातून निघून पाबे घाट ओलांडला आणि वेल्ह्याच्या बाजूच्या कच्च्या गाडीवाटांना लागलो की खरी परीक्षा माउंटची असते, लाइटची नाही.

माझं असं झालं होतं. रबरी पट्ट्याची लाइट होती, दोन वर्षं चांगली चालली, आणि एका दगडगोट्यांच्या उतारावर ती हळूहळू मान टाकायला लागली. आधी वाटलं समोरचा रस्ताच कमी दिसतोय, मग प्रकाश पार पुढच्या चाकावर आला, एका हाताने वर करायला गेलो तर पट्टा भोकापाशी तुटला आणि लाइट थेट खाली. उतारावर, वेगात, मिट्ट काळोख. काही लागलं नाही पण ब्रेक दाबून थांबेपर्यंतचे ते चार-पाच सेकंद अजून आठवतात. नंतर तुटलेला पट्टा बघितला तर भोकाभोवती बारीक चिरा आधीपासूनच होत्या. उन्हाने रबर असंच कडक होतं, त्यामुळे तुमच्याकडे पट्टावालं माउंट असेल तर आत्ताच तो ताणून भोकापाशी बघा.

नवीन माउंट घ्यायच्या आधी हँडलचा व्यास मोजा, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. व्हर्नियर नसेल तर साधा दोरा गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. घेर १० सेंमी आला तर हँडल ३१.८ मिमीचं, आजकालच्या बहुतेक सायकलींचं मधल्या भागात हेच असतं. ८ सेंमी आला तर २५.४ मिमी, जुन्या किंवा स्वस्तातल्या सायकलींवर सापडतं. ११ सेंमी आला तर ३५ मिमी, नव्या माउंटन बाइकवर येतं आणि त्यासाठी माउंट नीट बघून घ्यावं लागतं, ३१.८ वालं त्यावर बसतच नाही. आणि दोरा गुंडाळायचा तो जिथे माउंट लागणार तिथेच, कारण हँडल मध्ये जाड असतं आणि ग्रिपकडे बारीक होत जातं, फ्लॅट बारवर (म्हणजे सरळ हँडलवर) ग्रिपपाशी २२.२ मिमी म्हणजे घेर जेमतेम ७ सेंमी. या दोन्हींच्या मधल्या उतरत्या भागावर क्लॅम्प, म्हणजे माउंटची हँडलला आवळणारी कडी, लावला तर तो हादऱ्यांनी बारीक बाजूकडे सरकत जातो आणि सैल होतो, कितीही आवळा. म्हणून जागा स्टेमच्या (हँडलला मध्यभागी धरणाऱ्या आखूड दांड्याच्या) अगदी शेजारी, जिथे व्यास एकसारखा आहे तिथेच.

आता प्रकार. रबरी किंवा सिलिकॉनचा पट्टा शहरात ठीक, ट्रेलवर नको. प्लॅस्टिकचा बिजागरीवाला क्लॅम्प हलक्या लाइटला चालतो, पण त्याची पिन आणि स्क्रूची जागा हे दोन कच्चे दुवे असतात. खडबडीत वाटेसाठी अॅल्युमिनियमचा, अॅलन बोल्टने (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) आवळायचा क्लॅम्पच घ्या. त्याहून चांगलं म्हणजे स्टेमच्या पुढच्या झाकणाच्या बोल्टवर बसणारं माउंट, कारण ते गोल नळीवर नसतंच, त्यामुळे फिरायचा प्रश्नच येत नाही. फक्त त्यात झाकणाचे दोन बोल्ट काढून लांब बोल्ट लावावे लागतात, तेव्हा सोबत आलेलेच बोल्ट वापरा, आणि चारही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. स्टेमवर टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ५ न्यूटन मीटरच्या आसपास, तो पाळा. हँडल ज्यावर धरलंय तेच हे बोल्ट आहेत, तेव्हा हात बसला नसेल तर दुकानात करून घ्या.

प्रकाराइतकंच महत्त्वाचं म्हणजे लाइटचं वजन क्लॅम्पपासून किती लांब आहे. अशा लाइटमध्ये असणारा एक २१७०० मापाचा रिचार्जेबल सेल ७० ग्रॅमच्या आसपास असतो, दोन सेलवाली लाइट म्हणजे १४० ग्रॅम तर नुसते सेलच झाले, वर अॅल्युमिनियमची बॉडी. हे वजन ५ सेंमीवर असण्याऐवजी १० सेंमीवर गेलं तर प्रत्येक खड्ड्यात क्लॅम्पवर दुप्पट पीळ पडतो. लांब हाताची पुढे येणारी माउंट दिसायला छान असतात, वर कॉम्प्युटर आणि खाली लाइट अशी सोय होते, पण जड लाइट त्यावर लटकवली की खडखडत्या रस्त्यावर प्रकाश थरथरायला लागतो आणि दगड जागचे हलताहेत असं वाटतं. तुटणं पुढची गोष्ट, वाट नीट दिसत नाही हाच आधी धोका. त्यामुळे आखूड हाताचंच बघा, आणि लाइट खूप जड असेल तर वेगळ्या बॅटरीवाली घ्या, बॅटरी फ्रेमला बांधायची आणि हँडलवर फक्त दिवा.

बऱ्याच चांगल्या लाइटना गोप्रो कॅमेऱ्यासारखा दोन-तीन पात्यांचा जोड असतो. मला हा जोड आवडतो कारण सुटे भाग कुठेही मिळतात, पण त्याची खोड अशी की तो फक्त घर्षणावर उभा असतो. हाताने फिरवायचा मोठा स्क्रू काढून टाका, त्याजागी एम-५ चा (५ मिमी जाडीचा) स्टेनलेस अॅलन बोल्ट आणि मागे नायलॉक नट लावा, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला नट, तो हादऱ्याने सुटत नाही. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात आणि किरकोळ पैशांत काम होतं. बोल्टची लांबी मोजून न्या, नटाच्या बाहेर एक-दोन आटे दिसले पाहिजेत. पाती प्लॅस्टिकची असतील तर मात्र फार आवळू नका, मुळाशी पांढरी रेघ दिसली की ते पातं गेलं समजा.

बसवताना आधी हँडल आणि क्लॅम्पची आतली बाजू स्पिरिटने पुसून घ्या, घाम आणि चेनचं तेल राहिलं की पकड बसत नाही. थोडीशी फट असेल तर पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब घ्या, हँडलला एकच वेढा बसेल एवढा तुकडा कापा, टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. जाड रबर किंवा दोन-तीन वेढे घातले तर माउंट त्यावर डुलतं, उलटा परिणाम. कार्बनचं हँडल असेल तर माउंटवर लिहिलेल्या टॉर्कपलीकडे अजिबात जायचं नाही, पकडीसाठी कार्बन पेस्ट मिळते ती लावा. धातूच्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा डिंक) एक थेंब पुरतं, पण प्लॅस्टिकच्या भागाला ते लागू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात. शेवटी हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, ब्रेकची केबल किंवा होज (तेलाची नळी) माउंटखाली चेपत तर नाही ना.

मग घरीच चाचणी. पांढऱ्या मार्करने किंवा नेलपॉलिशने क्लॅम्पवरून हँडलवर एक सरळ रेघ ओढा, तशीच एक पात्यांच्या जोडावर. पुढचं चाक फूटभर उचलून दहा-पंधरा वेळा आपटा. रेघ तुटक दिसली म्हणजे माउंट सरकलं, पुन्हा काढा, पुसा, बसवा. या रेघेचा खरा उपयोग पुढेही होतो, चहाला थांबलात की टॉर्चशिवाय, पान्याशिवाय एका नजरेत कळतं सगळं जागेवर आहे की नाही. पावसाळ्यात तर क्लॅम्प महिन्यातून एकदा उघडाच, आत लाल मातीचा बारीक रवा बसतो आणि पॉलिश पेपरसारखा हँडल घासत राहतो.

एवढं केल्यावरही लाइटला एक पातळ दोरी बांधा, एक टोक लाइटच्या बॉडीला, दुसरं स्टेमला, एवढी आखूड की लाइट सुटली तर चाकाच्या आऱ्यांपर्यंत पोचणार नाही. आणि हेल्मेटवर एक छोटी लाइट असू द्या, ती वळणावर तुम्ही बघाल तिकडे प्रकाश टाकते आणि हँडलवरची कधी दगा देऊन गेलीच तर थांबण्यापुरता रस्ता दिसतो.